काठकुणी बघायला गेले आणि मोरबीची टाइल सापडली

आधी आकडा सांगून टाकते म्हणजे घाईतले लोक सुटतील. हिमाचलच्या एका टूरला ५ पैकी साडेतीन. दीड मार्क कुठे कापला ते पुढे येईलच. कंपनीचं नाव टाकत नाहीये, दादरची छोटीशी कंपनी आहे, चालवणाऱ्या ताई माझ्या वहिनीच्या शाळेतल्या मैत्रीण आणि मला संक्रांतीला त्यांच्याच घरी वाण घ्यायला जायचंय.

टूर कांगडा आणि कुल्लूची, ८ दिवस, १४ माणसं, माणशी ४८,००० आणि ट्रेनचं तिकीट वेगळं. जाहिरातीत म्हटलं होतं की ही नेहमीची शिमला-मनाली नाही, डोंगरातली गावं, तिथली जुनी घरं (कुल्लूकडची लाकूड-दगडाची काठकुणी घरं त्यातलीच), तिथे येऊन राहिलेले चित्रकार आणि कुंभार, आणि टुरिझम आल्यावर गावाचं काय होतं हे बघायचं. दादरला एका हॉलमधे ओळख मेळावा ठेवला होता, बटाटेवडा, चहा, स्लाइड शो वगैरे. पहिल्याच रांगेतल्या काकूंनी विचारलं रोहतांग आहे का. नाही. मग बर्फ? नाही. मग मॉल रोड तरी? तोही नाही. वडे संपायच्या आत दोन फॅमिली कमी झाल्या. ताईंनी चेहरा पडू दिला नाही ह्याचं मला कौतुक वाटलं, दुसरी कोणी असती तर तिथल्या तिथे रोहतांग घुसवला असता.

आता मी का गेले ते. मी गिरगावात चाळीत राहते, तिसरा मजला, लग्न होऊन आले तेव्हापासून म्हणजे २४ वर्षं. गेली काही वर्षं रविवारी सकाळी हेरिटेज वॉकवाले येतात, खोताची वाडी बघून झाली की पावलं आमच्याकडे वळतात. गळ्यात कॅमेरे, हातात पाण्याच्या बाटल्या. आमचा लाकडी जिना, कठडा, गॅलरीत वाळत घातलेले नवऱ्याचे बनियन, सगळ्याचे फोटो. एकदा एका मुलीने मला चक्क विचारलं, आंटी ती चादर जरा बाजूला घ्याल का, मागचं लाकूडकाम दिसत नाहीये. घेतली मी बाजूला. जाताना ती म्हणाली प्लीज हे कधी पाडू देऊ नका हं. आता तिला काय सांगणार की रिडेव्हलपमेंटच्या कागदावर माझी सही होऊन दोन वर्षं झाली, संडास मजल्याच्या टोकाला आहे, सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत आणि रात्री त्यांना तिथवर नेताना ते लाकूडकाम मला अजिबात सुंदर दिसत नाही. तर मला एकदा पलीकडच्या बाजूने उभं राहून बघायचं होतं, बघणारीच्या. बस एवढंच.

वांद्रे टर्मिनसवरून ट्रेन, दुसऱ्या दिवशी दुपारी पठाणकोट कँट, तिथून बस. ट्रेनच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, भडंग आणि पत्ते.

सोबत टूर मॅनेजर म्हणून एक मुलगा होता, आर्किटेक्चर करून नुकताच बाहेर पडलेला, दाढी, कापडी पिशवी, पायात फ्लोटर्स, बोलायला लागला की थांबत नाही. ह्या टूरमधली सर्वात चांगली गोष्ट तो मुलगाच आणि सर्वात वैताग आणणारी गोष्ट पण तोच. सगळे पैसे त्याच्यासाठी वसूल झाले असं नवऱ्याचं म्हणणं, नवरा टाइल्सच्या दुकानात २२ वर्षं काउंटरला आहे त्यामुळे आर्किटेक्ट लोकांशी त्याचं एक वेगळंच प्रेमाचं नातं आहे.

पहिले दोन दिवस कांगड्यात. आंद्रेटा नावाचं गाव आहे पालमपूरजवळ. नोरा रिचर्ड्स म्हणून एक आयरिश नटी, नवरा लाहोरला प्रोफेसर, तो गेल्यावर ती १९३० च्या दशकात ह्या खेड्यात येऊन मातीचं घर बांधून राहिली आणि गावातल्या लोकांना घेऊन नाटकं करायला लागली. तिच्या मागोमाग चित्रकार आले. शोभा सिंग त्यातलेच, गुरु नानकांचं जे चित्र देशभर घराघरात कॅलेंडरवर दिसतं ते त्यांचं. मग १९८३ मधे पॉटरी सुरू झाली, ती अजून चालू आहे, चाकावर बसायला देतात. माझं भांडं कोसळलं, नवऱ्याचं उभं राहिलं, घरी आणलंय, त्यात आता लसूण ठेवते.

मला खरी पकड बसली ती दीदी कॉन्ट्रॅक्टर ह्या बाईंच्या गोष्टीने. अमेरिकेत जन्म १९२९ चा, आईवडील दोघं चित्रकार, लग्न गुजराती इंजिनियरशी, आधी नाशिकला आणि मग बरीच वर्षं जुहूला राहिल्या. (जुहू म्हटल्याबरोबर आमच्या ग्रुपमधल्या पार्ल्याच्या काकू ताठ बसल्या, जणू बाई त्यांच्याच सोसायटीतल्या.) सत्तरच्या दशकात त्या कांगड्यात आल्या आणि आर्किटेक्चरची डिग्री नसताना माती, बांबू, नदीतले गोटे आणि स्लेट वापरून घरं बांधायला लागल्या, ते थेट २०२१ मधे जाईपर्यंत. २०१९ मधे नारी शक्ती पुरस्कार मिळाला होता. कंडबाडीला संभावना संस्थेच्या इमारती त्यांच्याच, त्या आम्ही पाहिल्या. फोटोत मातीचं घर म्हटलं की अंधारं वाटतं, तसं नाहीये. खिडकी अशा ठिकाणी की उजेड आधी बाजूच्या भिंतीवर पडतो आणि मग तिथून मऊ होऊन आत येतो, आणि जिना हा नुसता वर जायचा रस्ता नाही, मधे थांबून बसावंसं वाटेल असा. मी बसले पण. गुडघे पण दुखत होते, पण ते सोडा.

जाहिरातीत माती लिंपायचं वर्कशॉप लिहिलं होतं. वर्कशॉप म्हणजे ४० मिनिटं, एक बादली चिखल, एक भिंत आणि १४ मोबाइल. पण शिकवायला आलेली बाई अस्सल होती, चाळिशीची, दुपट्टा कमरेला खोचलेला, चिखलात भाताचं तूस मिसळत होती. माझा हात फिरताना बघून म्हणाली आपने पहले किया है. केलंय की, आजोळी राजापूरला मे महिन्यात ओटी सारवायचं काम आम्हा मुलींकडेच असायचं, शेण कमी पडलं की आजी ओरडायची. तिला सांगितलं तर खूश झाली. मग मी विचारलं तुमचं घर असंच का, तर हसली, नहीं जी, हमारा तो पक्का है. म्हणजे ही बाई दिल्ली-चंदीगडवाल्यांच्या मातीच्या बंगल्यांच्या भिंती लिंपते, त्यावर मुलाच्या कॉलेजची फी भरते, आणि संध्याकाळी सिमेंटच्या घरी जाते. म्हणे मातीची भिंत दर वर्षी लिंपायला लागते, आणि दिवसभर तेच केल्यावर घरी कोण करेल. बरोबरच आहे. आमच्या टूर मॅनेजर पोऱ्याला मात्र हे रुचलं नाही, तो वहीत काहीतरी लिहीत गप्प बसला.

आता मार्क कापल्याची गोष्ट. कांगड्यात दोन रात्री मातीच्या घरातला होमस्टे सांगितला होता. निघायच्या आदल्या रात्री ११ वाजता व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज, काही तांत्रिक कारणास्तव हॉटेल बदललं आहे, सहकार्य करावे, खाली हात जोडलेला इमोजी. तांत्रिक कारण म्हणे! मिळालं काय तर चार मजली काँक्रीट, खोलीत वास, गीझर दहा मिनिटांत थंड, आणि रिसेप्शनला कुल्लूच्या टोप्यांच्या बाजूला राजस्थानी कठपुतळ्या लटकवलेल्या. कांगड्यात. मराठी ग्रुप आहे कळल्यावर सकाळी पोहे केले होते बिचाऱ्यांनी, पिवळेजर्द, वर टोमॅटो केचप. तक्रार पोह्यांची नाही, त्यांनी मनापासून केले होते, आम्हीच काही मागितले नव्हते. तक्रार ही की घरं बघायला नेणाऱ्या टूरने नेमकं घरच बदललं आणि त्याचे पैसे परत द्यायचं नाव नाही. विचारल्यावर ताई म्हणाल्या पुढच्या टूरला ॲडजस्ट करू. एक मार्क इथे गेला.

बीरच्या जवळ गुनेहर म्हणून गाव आहे, तिथे चालत फिरवलं. २०१३ मधे आणि परत २०१६ मधे तिथे एक प्रयोग झाला होता, गावातली बंद पडलेली जुनी दुकानं कलाकारांना महिनाभर द्यायची आणि त्यांनी त्याचं काहीतरी करायचं, गॅलरी नाही, दुकानच, पण कलाकाराच्या डोक्यातलं, आणि येणारा-जाणारा गाववालाच गिऱ्हाईक. मला ही कल्पना फार आवडली कारण त्यात गावाला कुठे सजवून बसवलेलं नाही. पण खरं सांगू का, त्या दिवशी डोक्यावर पॅराग्लायडर इतके होते की ग्रुपमधले निम्मे लोक मान वर करूनच चालत होते आणि एक काका शेणात पाय घालून बसले.

बीरहून पुढे कुल्लूपर्यंत बसमधे आख्खा दिवस गेला, रस्त्यात कामं चालू, दरडीचे ढिगारे. त्या कंटाळ्यात पोऱ्याने इटलीतली एक गोष्ट सांगितली आणि मी कानातली बोळी काढली. सार्डिनिया बेटावर उलास्साई नावाचं डोंगराला चिकटलेलं गाव. गावाला युद्धात गेलेल्यांचं स्मारक करायचं होतं, म्हणून गावातच जन्मलेल्या मारिया लाई ह्या कलाकार बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या गेलेल्यांसाठी नको, जिवंत आहेत त्यांच्यासाठी काहीतरी करूया. मग १९८१ च्या सप्टेंबरमधे गावाने मिळून सुमारे २७ किलोमीटर निळी फीत घराघरातून फिरवली, ह्या दारातून त्या खिडकीत, त्या खिडकीतून पलीकडच्या गॅलरीत, आणि शेवटी ती गावावरच्या डोंगराला नेऊन बांधली. आणि अट अशी की ज्या दोन घरांचं पटत नाही तिथे फीत नुसती सरळ जाणार, मैत्री असेल तिथे गाठ, आणि प्रेम असेल तिथे फितीला सणाचा पाव बांधायचा. म्हणजे आख्ख्या गावाची भांडणं उघड्यावर!

मी लगेच मनात आमच्या मजल्यावर फीत फिरवायला घेतली. १२ नंबर आणि १३ नंबर नुसती सरळ, पाण्याच्या पिंपावरून बोलणं बंद आहे. आमच्यात आणि १५ मधे गाठ, दोन गाठी. १७ मधली काकू कोणाकडूनच फीत घेणार नाही, म्हणेल मांजाने गळा कापेल कोणाचा तरी. पाव कुठे बांधायचा ह्यावर मी मंडी शहर येईपर्यंत विचार करत होते आणि शेवटी एका ठिकाणी बांधला, ते इथे लिहीत नाही.

असं काहीतरी आपल्याकडे कोणी केलंय का असं पार्ल्याच्या काकूंनी विचारल्यावर विषय भिलारवर गेला. मी गेलेय भिलारला. पाचगणीजवळचं स्ट्रॉबेरीचं गाव, २०१७ च्या मे महिन्यात सरकारने ते पुस्तकांचं गाव केलं, पंचवीसेक घरांत, देवळात, शाळेत पुस्तकं ठेवली, भिंती चित्रकारांनी रंगवल्या. आपण लोकांच्या ओटीवर बसून फुकट वाचायचं. मला तिथे आवडलं ते हे की घर घरच राहतं, तुम्ही वाचत असता आणि आत कुकरची शिट्टी होते. वेल्समधल्या हे ऑन वाय गावावरून कल्पना घेतलीय हे खरं, पण इमारतींची नक्कल नाही केली. नाहीतर लवासा, इटलीतल्या पोर्तोफिनोचे रंगीत दर्शनी भाग उचलून मुळशीच्या डोंगरात आणून उभे केलेले, फोटोला झकास, पण तिथल्या पावसाला त्या घराशी काय देणंघेणं. पोऱ्या म्हणाला म्हणूनच तर काठकुणी बघायची. आता ते.

नग्गरला आधी किल्ला दाखवला, किल्ला म्हणजे राजाचा वाडाच, साधारण ५०० वर्षं जुना, आता सरकारी हॉटेल. आत एक मोठी शिळा आहे, देवांनी मधमाश्यांचं रूप घेऊन ती डोंगरावरून उचलून आणली म्हणे. त्याच गावात वर रोरिक ह्या रशियन चित्रकाराचं घर, १९२८ पासून १९४७ ला जाईपर्यंत तो इथेच हिमालय रंगवत बसला. त्याचा मुलगा स्वेतोस्लाव, त्याची बायको देविका राणी, म्हणजे आपल्या मालाडच्या बॉम्बे टॉकीजची. त्यांचं लग्न १९४५ चं. आमच्या ग्रुपने हिमालयाच्या चित्रांसमोर पाच मिनिटं आणि देविका राणीच्या फोटोसमोर वीस मिनिटं काढली, मी पण.

मग नग्गरच्याही वरच्या एका गावात दोन रात्री, आणि हा भाग साडेचार मार्कांचा आहे.

काठ म्हणजे लाकूड, कुणी म्हणजे कोना, आपला कोपरा. देवदाराच्या तुळया आणि दगडांचे थर एकावर एक, कोपऱ्यात दोन बाजूंच्या तुळया एकमेकींवर बसवलेल्या, हाताची बोटं एकमेकांत गुंतवावी तशा. सिमेंट नाही, चुना नाही, खिळा पण नाही, लाकडाच्याच खुंट्या. मी त्या कोपऱ्यावर हात फिरवला, लाकडाच्या कडा इतक्या गुळगुळीत झालेल्या की जणू तेल लावलंय, आणि दोन दगडांच्या मधे करंगळी आत जाते, आतून गार हवा लागते. पोऱ्याने सांगितलं की भूकंप आला की ही भिंत अंग चोरून हलते आणि परत जागेवर बसते, १९०५ चा कांगड्याचा भूकंप, ज्यात २०,००० च्या आसपास माणसं गेली, त्यात नग्गरचा तो वाडा टिकला. खाली गुरं, मधे धान्य, वर माणसं. म्हणजे गुरांच्या अंगाची ऊब वर येते आणि थंडीत वरची लाकडी गॅलरी म्हणजे आमची चाळच, तिथेच बसणं, तिथेच मका वाळवणं, तिथेच केस विंचरणं. ते दगडी पाटीचं छप्पर मात्र आपल्या कौलापेक्षा कितीतरी जड, त्या वजनानेच म्हणे घर वाऱ्यात जागेवर राहतं.

हे सगळं ऐकून आम्ही भारावून गेलो आणि तेवढ्यात नवऱ्याची हाक आली. गावाच्या तोंडाशी एक नवीन होमस्टे होता, बाहेरून एकदम काठकुणी, लाकूड-दगड लाकूड-दगड, सगळे मोबाइल तिकडे वळलेले. नवऱ्याने नखाने टकटक केलं, वाकून खालची कड बघितली आणि म्हणाला मोरबी. म्हटलं काय? म्हणाला गुजरातच्या मोरबीची टाइल, एलिव्हेशनची म्हणजे बाहेरच्या भिंतीला लावायची, आमच्याकडे हिचा थोडा हलका शेड आहे, बॉक्समधे पाच येतात. सगळे हसले पण पोऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. नवरा त्याला म्हणाला अरे तोंड पाडू नकोस, लावलीय छान, जॉइंट बघ. आत काँक्रीटच्या खोल्या, अटॅच्ड बाथरूम, मोठ्या काचा. मालक तरुण, गावातलाच, त्याने सरळ सांगितलं की पर्यटकाला बाहेरून पहाडी पाहिजे आणि आतून गरम पाणी पाहिजे. खोटं काय बोलला?

आणि लाकूड आणायचं कुठून. पूर्वी घर बांधायला जंगलातलं झाड अगदी नाममात्र पैशात मिळायचा हक्क होता, तिकडे सगळे त्याला टीडी म्हणतात, त्याचे नियम आता कडक झाले, आणि बाजारातला देवदार परवडत नाही. वर आगीची भीती, लाकूड आणि वर साठवलेला चारा, एक घर पेटलं की रांग जाते, २००८ मधे मलाणा गावाचं तसंच झालं. हे मला पोऱ्याने नाही सांगितलं, आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या दीदींनी सांगितलं, चुलीपाशी बसून. पोऱ्याच्या भाषणात घर मरतंय, परंपरा मरतेय, टुरिझमने ओळख खाल्ली, असंच चालू असतं. अरे पण कोणाची ओळख, त्यांना विचारलंस का. अर्धा मार्क त्याचा कापलाय, तो वाचेल तर रागावू नको, बाळा.

दीदींचं घर दोन तुकड्यांत आहे. जुनं काठकुणी, आणि त्याला चिकटून मागे पाच वर्षांपूर्वी काढलेली पक्की खोली, पत्र्याचं छप्पर, गुलाबी डिस्टेंपर, आत संडास-बाथरूम. आम्हाला झोपायला जुन्यात, कारण आम्ही त्याचेच पैसे दिलेत. त्या स्वतः, सासू आणि दोन मुली गुलाबी खोलीत. जुन्या घराच्या तुळईला लाकडाची एक खुंटी होती, शेकडो वर्षांची असेल, तिच्यावर धाकटीचं शाळेचं दप्तर लटकवलेलं, त्यावर छोटा भीम. एका काकांनी फोटोसाठी ते दप्तर उचलून खाली ठेवलं आणि माझ्या पोटात एकदम कसंतरी झालं. मी उठून परत अडकवलं. काकांना वाटलं मला राग आला. राग नव्हता, मला आमची ती चादर आठवली.

रात्री सिड्डू केले होते. गव्हाच्या आंबवलेल्या पिठाचे, आत अक्रोड आणि खसखस वाटून, वाफवून, वर तूप ओतायचं, नुसतं सोडायचं नाही, ओतायचं. इडलीचा जाडजूड पहाडी भाऊ समजा. एका काकांनी बॅगेतून मेतकूट काढून त्यावर भुरभुरलं, दीदींनी चव घेतली आणि पुडीच ठेवून घेतली. मधल्या एका दुपारी गावातल्या लग्नाचं राहिलेलं जेवण पण खाल्लं पण त्याबद्दल लिहीत बसले तर संपायचं नाही.

जेवणानंतर त्यांनी मला विचारलं आपका घर कैसा है दीदी. मोबाइलमधे फोटो होते, दाखवले. जिना, कठडा, गॅलरी, ती कोरीव कंसासारखी लाकडं गॅलरीखालची. त्यांनी फोन हातात घेऊन बोटांनी मोठं करून बघितलं, मुलींना बोलावून दाखवलं, सासूला दाखवलं. म्हणाल्या ये तो सारा लकड़ी का है! मी म्हटलं हां, सागवान, पर अभी टूटेगा, टावर बनेगा, सब ने साइन कर दिया. त्या एकदम म्हणाल्या अरे क्यों तोड़ रहे हो, इतना अच्छा है, मत तोड़ना.

अगदी तेच शब्द.

मी त्यांच्याकडे बघत बसले. मग म्हटलं अंदर बाथरूम नहीं है ना. त्यांनी एक क्षण माझ्याकडे बघितलं, मग गुलाबी खोलीकडे बघितलं आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की पोऱ्या बाहेरून धावत आला, काय झालं म्हणून. त्याला काय सांगणार. दीदींच्या सासूबाई पण हसत होत्या, त्यांना काही कळलं नसावं, पण त्यांचे पण गुडघे गेलेत हे मी आधीच बघितलं होतं.

तर हिशोब. घरं, माणसं, पोऱ्याची बडबड, दीदींचं जेवण, ह्याला पूर्ण मार्क. होमस्टे ऐनवेळी बदलला त्याचा एक मार्क गेला, आणि पोऱ्याचा अर्धा. होमस्टेवाल्यांना पैसे आगाऊ आणि पूर्ण मिळतात का हे मी दीदींना विचारलं, मिळतात, आणि त्याबद्दल ताईंना सलाम. बस ड्रायव्हर उत्तम. चंदीगडच्या विमानतळावर सोडताना घाई केली, पण ती सगळेच करतात.

जाणार असाल तर ऑक्टोबरमधे जा, पाऊस संपलेला असतो आणि छपरांवर मका वाळत असतो. गुडघ्याचा पट्टा न्या, काठकुणीचे जिने म्हणजे शिडीच आहे आणि आधाराला कठडा नाही. बाथरूम मागच्या खोलीत आहे, रात्री बॅटरी लागते, त्यामुळे कोणी अटॅच्डची अपेक्षा ठेवून ४८,००० भरू नका. जेवताना फोटो काढायच्या आधी विचारा, आणि कुठली वस्तू हलवू नका.

येताना दीदींनी दोन किलो अक्रोड दिले, घरच्या झाडाचे, टरफलासकट, पैसे घेतले नाहीत, बदल्यात मेतकुटाची आणखी पाकिटं कुरियर करायची ठरलीत. अक्रोड फोडायला आमच्याकडे अडकित्ता होता तो सापडत नाहीये, त्यामुळे नवरा रोज रात्री आमच्या सागवानी दाराच्या बिजागरीत एकेक अक्रोड ठेवून दार ओढतो, कटकन आवाज येतो, १३ नंबरवाले ओरडतात. अजून किलोभर बाकी आहेत.